घटक ४ : दिनविशेष, जुने छायाचित्र आणि चित्रओळ

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• समाजमाध्यमांवरील दिनविशेषाच्या नोंदीचे घटक सांगता येतील.
• एखाद्या ऐतिहासिक घटनेची तारीख आणि तिच्यासोबत दिलेले छायाचित्र यांची पडताळणी करता येईल.
• चित्रओळीतील क्रियापदांच्या रूपांवरून लेखकाची खात्री, अनुमान आणि ऐकीव माहिती यांतील फरक ओळखता येईल.
• जबाबदार चित्रओळ लिहिता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, शाळेतील परिपाठ तुम्हाला आठवत असेल. प्रार्थना, सुविचार, बातम्या आणि त्यांच्यासोबत दिनविशेष. फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेली ती दोन वाक्ये दुसऱ्या दिवशी पुसली जात. वृत्तपत्रांनी आणि आकाशवाणीने हाच प्रकार मोठ्या समुदायापर्यंत नेला. आज तो आपल्या हातातील भ्रमणध्वनीवर आला आहे. सकाळी उठताच कुटुंबाच्या, गावाच्या किंवा जुन्या वर्गमित्रांच्या गटावर कोणाची तरी जयंती, कोणाचा स्मृतिदिन किंवा एखाद्या घटनेचे वर्षपूर्तीचे स्मरण आलेले असते. सोबत बहुधा एक कृष्णधवल छायाचित्र असते.

फळ्यावरचा दिनविशेष आणि हा दिनविशेष यांत दोन महत्त्वाचे भेद आहेत. फळ्यावरचा मजकूर लिहिणारे शिक्षक सर्वांना ठाऊक असत. येथे मूळ लेखक बहुधा अज्ञात असतो. फळा दुसऱ्या दिवशी पुसला जाई. हा मजकूर मात्र वर्षानुवर्षे फिरत राहतो आणि त्यातील चूकही त्याच्याबरोबर फिरते. मराठीच्या विद्यार्थ्याने या लेखनप्रकाराकडे गांभीर्याने पाहावे याचे कारण येथेच आहे. आपल्या समाजातील अनेकांचे इतिहासवाचन आज या चार ओळींतून होते.

४.२ विषय-विवेचन

दिनविशेषाच्या नोंदीत तीन घटक असतात : तारीख, छायाचित्र आणि त्या दोहोंना जोडणारे वाक्य. या वाक्याला आपण ‘चित्रओळ’ म्हणू. प्रत्येक घटकाची स्वतंत्र तपासणी करावी लागते, कारण तारीख बरोबर असूनही छायाचित्र भलत्याच प्रसंगाचे असू शकते आणि दोन्ही बरोबर असूनही वाक्य चुकीचे असू शकते.

४.२.१ तारीख : दिसते तितकी साधी नाही

दिनविशेषाचा पाया तारीख हा आहे. परंतु एका घटनेला एकच तारीख असते, हे गृहीत धरता येत नाही. याची तीन कारणे लक्षात घ्या.

(अ) घटनेचे टप्पे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईत २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरमध्ये निमंत्रितांना दाखविण्यात आला. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. ‘पहिला खेळ’ म्हणजे नेमके काय, हे ठरविल्याशिवाय त्यांपैकी एक निवडता येत नाही. म्हणजे वाद तारखेचा वाटला, तरी मुळात तो शब्दार्थाचा आहे.

(आ) कालगणनेतील भेद. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीस झाला. त्याची प्रचलित इंग्रजी तारीख ६ जून १६७४ अशी आहे. ही तारीख त्या काळी इंग्रज वापरीत असलेल्या ज्युलियन पंचांगाप्रमाणे आहे. आज सर्वत्र रूढ असलेल्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे तोच दिवस १६ जून ठरतो, कारण सतराव्या शतकात या दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते. रायगडावर हा सोहळा तारखेप्रमाणे आणि तिथीप्रमाणे असा दोनदा होतो. त्यामुळे समाजमाध्यमांवरही तो वर्षातून दोनदा येतो. यात एक बरोबर आणि दुसरे चूक असे काही नाही. कोणती गणना वापरली आहे, एवढे सांगितले की गोंधळ मिटतो.

(इ) साधनांतील मतभेद. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांच्या मृत्यूची तारीख काही ठिकाणी १७ जून १८५८, तर काही ठिकाणी १८ जून १८५८ अशी आढळते. अशा वेळी दोन्ही तारखांचा उल्लेख करणे हेच प्रामाणिकपणाचे होय.

येथे भाषेतील एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. ‘पुण्यतिथी’ या शब्दात ‘तिथी’ आहे. तरीही आज आपण पुण्यतिथी बहुधा इंग्रजी तारखेनेच पाळतो. शब्द जुन्या कालगणनेचा राहिला आणि व्यवहार नव्या कालगणनेचा झाला.

४.२.२ छायाचित्र : ते स्वतः काय सांगते?

पानशेतच्या पुराचे उदाहरण घेऊ. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे, बांधकाम पूर्ण होत आलेले पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खालच्या बाजूचे, एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासला धरणही फुटले आणि मुठा नदीचे पाणी पुण्याच्या नदीकाठच्या वस्तीत शिरले. माणसे दगावली, घरे आणि संसार वाहून गेले. पुण्यातील अनेक कुटुंबांच्या आठवणींत ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ अशी काळाची विभागणीच झाली.

आता कल्पना करा. १२ जुलैच्या सकाळी एका कौटुंबिक गटावर दुथडी भरून वाहणाऱ्या नदीचे कृष्णधवल छायाचित्र येते. खाली ओळ असते, ‘पानशेतचा प्रलय, १९६१’. गटातील एक वयोवृद्ध आत्या, ज्यांचे माहेर त्या पुरात गेले, त्या छायाचित्राकडे पाहतात आणि म्हणतात, “यात मागे बालगंधर्व रंगमंदिर दिसतंय. आमच्या वेळी ते नव्हतं.” आत्यांचे बरोबर आहे. बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन २६ जून १९६८ रोजी झाले. ज्या छायाचित्रात ते उभे आहे, ते १९६१ च्या पुराचे असूच शकत नाही. नदीला पूर नंतरही आले आहेत. त्यांपैकी एखाद्याचे ते असणार.

आत्यांनी जे केले त्यास ‘अंतर्गत पुराव्याची तपासणी’ म्हणतात. छायाचित्रातील इमारती, पूल, वाहने, दुकानांच्या पाट्या, त्यांवरील लिपी आणि माणसांचे पोशाख यांवरून काळाची मर्यादा ठरविता येते. याच पद्धतीचे आणखी एक उदाहरण पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही प्रवासी रेल्वेगाडी धावली. या दिनविशेषासोबत व्हिक्टोरिया टर्मिनसची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची, भव्य इमारत दाखविली, तर ते कालविपर्यासाचे उदाहरण होईल. त्या इमारतीचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण व्हायला सुमारे दशकभर लागले. १८५३ च्या प्रवाशांनी ती पाहिलेलीच नव्हती.

मात्र अंतर्गत पुराव्यालाही मर्यादा आहे. त्यावरून ‘हे छायाचित्र अमुक काळाचे नाही’ असे खात्रीने म्हणता येते. ‘ते अमुक दिवसाचेच आहे’ असे म्हणण्यास तो सहसा पुरत नाही. फाळके यांच्या चित्रपटातील दृश्यांसोबत ‘१९१३’ असे लिहिण्याची प्रथा आहे; परंतु आज उपलब्ध असलेली रिळे फाळके यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे मत काही चित्रपट-अभ्यासकांनी मांडले आहे. नट, वेशभूषा आणि कथा यांत साम्य असल्यावर नुसते पाहून हा प्रश्न सुटत नाही. तेथे लागते ती बाह्य नोंद : छायाचित्र कोणी काढले, कोणत्या संग्रहात आहे, त्याच्या पाठीवर किंवा पाकिटावर काय लिहिले आहे. समाजमाध्यमांवरून एखादे छायाचित्र हातोहात पुढे जाताना नेमकी हीच नोंद गळून पडते.

कृष्णधवल असणे हा जुनेपणाचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात ठेवा. कालचे छायाचित्र क्षणात कृष्णधवल करता येते आणि जुन्या छायाचित्रात यंत्राच्या साहाय्याने रंग भरता येतात. भरलेले रंग हे अनुमान असते. लुगड्याचा किंवा पागोट्याचा रंग तोच होता, असे त्यावरून म्हणता येत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
१. ‘राजा हरिश्चंद्र’ची कोणती तारीख तुम्ही दिनविशेषासाठी निवडाल? कारण द्या.
२. अंतर्गत पुराव्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही?

४.२.३ अभिलेखातील ओळही तपासावी लागते

येथवरच्या चर्चेवरून असे वाटेल की, अभिलेखागारातील मूळ नोंद मिळाली की काम संपले. तसे नाही. मुंबईत छायाचित्रणाचा प्रसार फार लवकर झाला. तेथील फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. त्या काळातील विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराचा मुंबईतील निरनिराळ्या समाजांविषयीचा दोन भागांचा ग्रंथ १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक चित्रांत माणसांची छायाचित्रे वेगळी घेऊन ती मुंबईतील स्थळांच्या पार्श्वभूमीवर जोडलेली आहेत. म्हणजे छायाचित्र अस्सल, त्याचा काळही अस्सल. पण ती माणसे त्या जागी उभी होती, हे मात्र खरे नव्हे.

पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ वसाहतकालीन शासनाच्या आश्रयाने निघाला. त्यातील माणसे मुख्यतः जात, जमात किंवा व्यवसाय यांचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. समोर बसलेल्या बहुसंख्य माणसांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांच्याविषयी जे लिहिले, त्यात राज्यकर्त्यांचे पूर्वग्रहही उतरले.

अशा संग्रहातील एखादे छायाचित्र आज ‘जुन्या काळातील अमुक समाजाची स्त्री’ या ओळीसह फिरते, तेव्हा आपण केवळ छायाचित्र पुढे पाठवीत नसतो. त्या काळच्या राज्यकर्त्याने लावलेले लेबलही आपल्या भाषेत आणि आपल्या नावाने पुढे पाठवीत असतो. ते लेबल ज्यांच्यावर लावले गेले, त्यांचे वंशज कदाचित त्याच गटात असतात. म्हणून जुनी ओळ जशीच्या तशी स्वतःच्या आवाजात सांगू नये. ‘मूळ ग्रंथात या छायाचित्राचे वर्णन असे केले आहे’ असे म्हणून ती तिच्या कर्त्याकडे सोपवावी. अवतरणचिन्हांचा खरा उपयोग येथे आहे.

४.२.४ चित्रओळीचे व्याकरण

छायाचित्राचे अनेक अर्थ संभवतात. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९६४ मधील एका निबंधात चित्रासोबतच्या शब्दांच्या कार्याला जहाजाच्या नांगराची उपमा दिली. चित्राचे अर्थ इकडेतिकडे वाहत असतात. शब्द नांगर टाकतात आणि अर्थ एका जागी थांबतो. पुराचे छायाचित्र ‘पुराचे’ असते. ते ‘पानशेतच्या पुराचे’ करते ती ओळ. म्हणून चूक घडते तीही बहुतेक वेळा ओळीतच. मराठी भाषेने ही जबाबदारी पार पाडण्यासाठी कोणती साधने दिली आहेत, ते पाहू.

(अ) खात्रीच्या पायऱ्या. पुढील चार वाक्ये शेजारी ठेवून वाचा.
– हे छायाचित्र लकडी पुलाचे आहे.
– हे छायाचित्र लकडी पुलाचे असावे.
– हे छायाचित्र लकडी पुलाचे आहे, अशी मागील बाजूस नोंद आहे.
– हे छायाचित्र लकडी पुलाचे आहे म्हणे.

पहिल्या वाक्यात लेखक स्वतः हमी देतो. दुसऱ्यात ‘असावे’ या रूपाने तो अनुमान व्यक्त करतो. तिसऱ्यात विधानाचा आधार वाचकापुढे ठेवतो. चौथ्यातील ‘म्हणे’ हा लहानसा शब्द माहिती ऐकीव असल्याचे सांगतो आणि तिच्याविषयी थोडी साशंकताही सूचित करतो. जे काम करण्यास इतर काही भाषांत स्वतंत्र वाक्य लागेल, ते मराठीत क्रियापदाच्या एका रूपाने किंवा एका अव्ययासारख्या शब्दाने होते. एवढी सोय असताना समाजमाध्यमांवरील चित्रओळी जवळजवळ सर्वत्र ‘आहे’ या एकाच पायरीवर उभ्या असतात. पहिल्याने ‘असावे’ लिहिलेले असले, तरी पुढे नकलताना ‘असावे’चे ‘आहे’ होते. शंका प्रवासात टिकत नाही.

(आ) लपलेला कर्ता. ‘असे म्हटले जाते’, ‘असे मानले जाते’ या कर्मणी रचनांत म्हणणारा आणि मानणारा दिसत नाही. शास्त्रीय लेखनात त्यांना स्थान आहे. मात्र ‘कोण म्हणते?’ या प्रश्नाला उत्तर नसताना त्या वापरल्या, तर त्या आधाराचा केवळ आभास निर्माण करतात.

(इ) दर्शक शब्द. ‘आज’, ‘येथे’, ‘हे’, ‘आपल्या गावात’ या शब्दांचा अर्थ बोलणारा, वेळ आणि स्थळ यांवर अवलंबून असतो. ‘आजच्याच दिवशी’ असा मजकूर १२ जुलैस लिहिला आणि तो १५ जुलैस दुसऱ्या गटावर पोहोचला, तर वाक्य जसेच्या तसे राहूनही खोटे होते. म्हणून पुढे पाठविल्या जाणाऱ्या मजकुरात ‘आज’ऐवजी दिवस, महिना आणि वर्ष लिहावे, ‘आपल्या गावात’ऐवजी गावाचे नाव लिहावे.

(ई) विशेषणे आणि सूत्रवाक्ये. ‘दुर्मीळ’, ‘थरारक’, ‘कधीही न पाहिलेले’ ही विशेषणे छायाचित्राविषयी माहिती देत नाहीत; वाचकाने काय वाटून घ्यावे, हे सांगतात. जे हजारो लोकांनी पाहिले, ते दुर्मीळ कसे? सूत्रवाक्यांबाबत औचित्याचा प्रश्न येतो. जयंतीस ‘विनम्र अभिवादन’ शोभते. ज्या दिवशी माणसे दगावली, त्या दिवसाच्या ‘शुभेच्छा’ देता येत नाहीत. तरीही सवयीने तसे लिहिलेले आढळते. मृतदेहांची छायाचित्रे स्मरणाच्या नावाखाली पाठविणे हेही औचित्याला सोडून आहे.

४.२.५ एक नमुना आणि त्याचे पुनर्लेखन

अभ्यासासाठी रचलेला पुढील मजकूर वाचा.

‘दुर्मीळ फोटो! आजच्याच दिवशी संपूर्ण पुणे पाण्याखाली गेले होते. धरण फुटले तो थरारक क्षण. खरा पुणेकर हा फोटो पुढे पाठवणारच.’

आता त्याचे पुनर्लेखन पाहा. समजा, छायाचित्र लेखकाच्या घरातील आहे.

‘१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे आणि त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटून मुठेच्या पुराने पुण्याच्या नदीकाठच्या वस्तीची मोठी हानी झाली. सोबतचे छायाचित्र त्या पुरानंतरचे असावे. ते आमच्या घरच्या संग्रहात असून त्याच्या पाठीवर “जुलै ६१” एवढेच लिहिलेले आहे. स्थळ आणि त्यातील व्यक्ती कोणास ओळखता आल्यास कृपया कळवावे.’

दुसऱ्या मजकुरात काय बदलले? ‘आज’च्या जागी पूर्ण तारीख आली. ‘संपूर्ण पुणे’ या अतिशयोक्तीच्या जागी ‘नदीकाठची वस्ती’ आली. घटनेविषयीचे विधान आणि छायाचित्राविषयीचे विधान वेगळी वाक्ये झाली. पहिले ठाम राहिले, दुसरे ‘असावे’ने सौम्य झाले. आधार सांगितला गेला. शेवटचे वाक्य तर सर्वांत मोलाचे आहे. पहिला मजकूर वाचकाची परीक्षा घेतो. दुसरा त्याची मदत मागतो. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्यांना बोलण्याची जागा मिळते.

दुसऱ्याच्या संग्रहातील छायाचित्र असेल, तर संग्रहाचे आणि छायाचित्रकाराचे नाव अवश्य द्यावे. हा सौजन्याइतकाच कायद्याचाही भाग आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. जुन्या छायाचित्रांबाबत संबंधित संस्थेच्या अटी पाहाव्यात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
१. ‘आहे’, ‘असावे’ आणि ‘म्हणे’ यांतील अर्थभेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. पुढे पाठविल्या जाणाऱ्या मजकुरात ‘आज’ हा शब्द का टाळावा?

४.३ सारांश

दिनविशेषाच्या नोंदीत तारीख, छायाचित्र आणि चित्रओळ असे तीन घटक असतात. तारीख देताना घटनेचा टप्पा, कालगणना आणि साधनांतील मतभेद यांचा विचार करावा लागतो. छायाचित्रातील अंतर्गत पुराव्याने अशक्य ते वगळता येते. निश्चितीसाठी बाह्य नोंद लागते. अभिलेखातील ओळही एका काळाची आणि एका दृष्टीची असते. तारीख व छायाचित्र यांना जोडण्याचे काम भाषा करते. म्हणून खात्री, अनुमान आणि ऐकीव माहिती यांतील भेद राखणे हे चित्रओळ लिहिणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

४.४ पारिभाषिक शब्द

चित्रओळ : छायाचित्राचा विषय, काळ व स्थळ सांगणारे वाक्य.
अभिलेखागार : कागदपत्रे, छायाचित्रे इत्यादी जतन करणारी संस्था.
अंतर्गत पुरावा : छायाचित्रातच दिसणारा काळ-स्थळाचा आधार.
बाह्य नोंद : छायाचित्राविषयी अन्यत्र किंवा त्याच्या पाठीवर लिहिलेली माहिती.
कालविपर्यास : एका काळातील गोष्ट दुसऱ्या काळात दाखविण्याचा दोष.
दर्शक शब्द : संदर्भानुसार अर्थ बदलणारा ‘आज’, ‘येथे’, ‘हे’ यांसारखा शब्द.

४.५ स्वाध्याय

१. ‘चित्र खरे, ओळ खोटी’ या विधानाची चर्चा सुमारे ३०० शब्दांत करा.
२. तुम्हाला अलीकडे आलेला एक दिनविशेष निवडून त्याची तारीख, छायाचित्र आणि चित्रओळ तपासा. आवश्यक तेथे पुनर्लेखन करा. पाठविणाऱ्याचे नाव उत्तरपत्रिकेत लिहू नये.

४.६ उपक्रम

आपल्या घरातील एक जुने छायाचित्र घ्या. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसून त्यातील माणसांची नावे, नाती, गाव, प्रसंग आणि अंदाजे वर्ष विचारा. जे खात्रीचे ते ‘आहे’ने, जे अंदाजाचे ते ‘असावे’ने आणि जे ऐकलेले ते सांगणाऱ्याच्या नावासह वेगळ्या कागदावर लिहून तो कागद छायाचित्रासोबत ठेवा. छायाचित्राच्या पाठीवर शाईने लिहू नका. शाई पुढील बाजूस उमटते. हा उपक्रम परीक्षेनंतरच्या सुट्टीवर ढकलू नये. छायाचित्र आणखी पन्नास वर्षे टिकेल. त्यातील कडेला उभ्या असलेल्या बाईचे नाव सांगू शकणारी व्यक्ती तेवढी वर्षे आपल्यात असेलच, असे नाही.